शेवटाकडून वाचायचं

‘मेडिकल टर्मिनॉलॉजी’ हा तीन क्रेडिटांचा कोर्स अमेरिकेतल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत असतो, आणि तो घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो मनापासून हवा असतो. नर्सिंगला जायचं तर तो लागतो, दातांच्या डॉक्टरांकडे असिस्टंट व्हायचं तरी लागतो, दवाखान्याच्या फ्रंट डेस्कवर बसायचं तरी विचारतात. मला मेडिकल कोडिंगचं, म्हणजे निदानांना आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले आकडे द्यायच्या कामाचं, सर्टिफिकेट करायचं होतं आणि त्याच्या कोर्सांच्या यादीत हा पहिला होता. मुलगा हॉस्टेलवर गेला होता, ग्रीन कार्ड आल्यामुळे नोकरीला कायद्याची आडकाठी उरली नव्हती, आणि सांगलीच्या बी.कॉम.ला न्यू जर्सीत कुणी विचारत नव्हतं. कोडिंगला हिशेबी डोकं लागतं, तुला जमेल, असं एका मैत्रिणीने सांगितलं. तेवढ्यावर फी भरली.

कोर्स पूर्ण ऑनलाइन. बाई निवृत्त नर्स होत्या, पण त्यांचा चेहरा आम्ही कुणी पाहिला नाही. ओळख फक्त आवाजाची, तीही रेकॉर्ड केलेली. दर आठवड्याला शरीरातली एक संस्था: हाडं, स्नायू, हृदय, श्वसन, पचन, मूत्रमार्ग. प्रत्येकीची शंभरएक पदं, त्यांची फ्लॅशकार्डं आणि रविवारी रात्री ११:५९ ला बंद होणारी चाचणी. पाठांतराचा कोर्स आहे, असं सगळेच म्हणतात. पहिले दोन आठवडे मलाही तसंच वाटत होतं.

बाईंनी सुरुवातीलाच एक नियम सांगितला होता. शब्द डावीकडून उजवीकडे वाचू नका. आधी शेवट बघा, मग सुरुवात, आणि मग मधलं. ‘पेरिकार्डायटिस’ घ्या. शेवटी ‘आयटिस’, म्हणजे दाह. सुरुवातीला ‘पेरि’, म्हणजे भोवती. मध्ये ‘कार्डि’, म्हणजे हृदय. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. झालं. ‘एक्टमी’ आली की काहीतरी कापून काढलंय, ‘ऑटमी’ असेल तर नुसता छेद दिलाय, ‘ऑस्टमी’ असेल तर नवं तोंड करून ठेवलंय. मधल्या एका ‘स’ने रुग्णाचं पुढचं आयुष्य बदलतं: कोलोटमीत आतड्याला छेद देऊन ते पुन्हा शिवलेलं असतं, कोलोस्टमीत पोटावर पिशवी लागते.

आठवी ते दहावी संस्कृत घेतलेल्या मराठी माध्यमाच्या माणसाला हे फार परकं वाटत नाही. तत्पुरुषात दुसरं पद प्रधान, हे वर्गात घोकून घेतलेलं होतं. दोन तुकड्यांमध्ये येणाऱ्या ‘ओ’चा नियम तर चक्क संधीचा आहे. ‘गॅस्ट्र’ म्हणजे जठर. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर ‘ओ’ गळतो, म्हणून गॅस्ट्रायटिस. व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो, म्हणून गॅस्ट्रोस्कोपी. आणि अवयवांची दोन मूळ पदं एकमेकांना जोडायची असतील तर पुढे स्वर असला तरी राहतो, म्हणून गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी. वर्गातली अमेरिकन मुलं या नियमाला वैतागली होती. मला मात्र आमच्या संस्कृतच्या बाई आठवल्या. त्यांच्याकडे एका नियमाला निदान चार अपवाद असायचे, त्यामुळे इथे मी सुखात होते.

एकाच अवयवाला दोन-दोन नावं का, याने मात्र सगळेच गोंधळतात. मूत्रपिंडाचा दाह ‘नेफ्रायटिस’, पण मूत्रपिंडाची धमनी ‘रीनल’. पहिलं ग्रीक, दुसरं लॅटिन. ढोबळ हिशेब असा की आजार आणि शस्त्रक्रिया यांची नावं ग्रीकमधून आली, कारण वैद्यकाची जुनी परंपरा ग्रीकांची. आणि शरीररचनेची नावं लॅटिनमध्ये स्थिरावली, कारण युरोपात प्रेतं उघडून बघायला लागले तेव्हा विद्वानांची भाषा लॅटिन होती. पाडुआत शिकवणाऱ्या वेसालियसचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ १५४३ मध्ये बाझलला छापला गेला, तो लॅटिनमध्येच. पुढची साडेतीनशे वर्षं ज्याला जे दिसलं त्याने त्याला आपलं नाव दिलं. एकेका भागाची इतकी नावं झाली की १८९५ मध्ये त्याच बाझलमध्ये शरीरशास्त्रज्ञांनी बसून यादी केली आणि हजारो नावं रद्द केली. एवढी छाटणी होऊनही मूत्रपिंडाची दोन्ही नावं टिकली आणि रविवारच्या चाचणीत आली.

यातली जुनी नावं बघताना अभ्यास बाजूला राहतो. नडगीचं हाड ‘टिबिया’, म्हणजे लॅटिनमध्ये बासरी. खुब्याची खोबण ‘असिटॅब्युलम’, म्हणजे जेवणाच्या टेबलावरची व्हिनेगरची वाटी. माकडहाड ‘कॉक्सिक्स’, कारण ग्रीकांना त्यात कोकिळेची चोच दिसली. स्नायूला ‘मसल’ म्हणतात कारण रोमनांना कातडीखाली छोटा उंदीर पळताना दिसला. आमच्याकडे पोरं दंड वळवून बेटकुळी दाखवतात, म्हणजे तिथे आपल्याला बेडूक दिसला. हे मी वर्गाच्या चर्चेत लिहिलं, तर जॉर्जियातल्या कुणी विचारलं की हे लोकांना प्राणीच का दिसतात. त्याला मी काय उत्तर देणार!

वह्या मी देवनागरीत काढत होते, लवकर लिहून होतं म्हणून. पचनसंस्थेच्या आठवड्यात तो मार्ग संपला. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं पसरट हाड, दोन्हींचा उच्चार ‘इलियम’. इंग्रजीत एकात ‘ई’ आणि दुसऱ्यात ‘आय’ असतं, माझ्या वहीत काहीच फरक नव्हता. अशा जोड्या पुष्कळ आहेत. ‘डिसफेजिया’ म्हणजे गिळायला त्रास, ‘डिसफेझिया’ म्हणजे बोलायला त्रास. पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही असू शकतात, म्हणजे संदर्भावरूनही ओळखता येत नाही. पायाच्या एका नसेचं ‘पेरोनिअल’ हे नाव जननेंद्रियांच्या खालच्या भागाच्या ‘पेरिनिअल’शी इतकं जुळत होतं की १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला ‘फिब्युलर’ हे नाव पुढे केलं. जुने डॉक्टर अजून पेरोनिअलच म्हणतात.

स्पेलिंगचा छळ वेगळाच. भारतात आपण ब्रिटिश वळणाने शिकलेलो, त्यामुळे ॲनिमियात एक जास्तीचा ‘ए’ आणि ‘इसोफेगस’च्या, म्हणजे अन्ननलिकेच्या, सुरुवातीला एक ‘ओ’ हाताला सवयीने येतो. अमेरिकेने ही अक्षरं कधीच काढून टाकली. जळजळीच्या आजाराच्या नावात अन्ननलिकेचं हेच पहिलं अक्षर येतं, म्हणून ब्रिटनमध्ये ज्याला ‘गॉर्ड’ म्हणतात, तो इथे ‘जर्ड’ होतो. आजार तोच, ओव्यासारखा घरगुती उपायही तोच.

मला सगळ्यात जास्त आवडला तो संक्षेपांचा आठवडा. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ‘हे लिहू नका’ अशी यादी काढली. युनिटसाठी नुसता ‘यू’ लिहायचा नाही, कारण घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि दहा युनिट इन्सुलिनचे शंभर होतात. रोज एकदा यासाठी ‘क्यूडी’ लिहायचं नाही, कारण एक दिवसाआडच्या ‘क्यूओडी’शी घोळ होतो. १ मिलिग्रॅम लिहायचं, १.० नाही, कारण टिंब पुसट झालं की दहा. उलट अर्धा मिलिग्रॅम असेल तर ०.५ लिहायचं, नुसतं टिंब-पाच नाही. वाचताना वाटलं, हे शहाणपण नाही, अपघातांची नोंदवही आहे. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी चुकीचा डोस घेतलेला असणार.

आपल्याकडे चिठ्ठीवर ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. इथल्या चष्म्याच्या कागदावर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. भारतात २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियम केला की औषधाची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत. नियम चांगला आहे. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्या काकांना तो लागत नाही, ते डॉक्टरांचं अक्षर नव्हे, डॉक्टरांचा स्वभाव वाचतात.

परीक्षेबद्दल थोडक्यात. लॅपटॉपचा कॅमेरा सुरू करून आधी खोली फिरवून दाखवायची: टेबल, टेबलाखाली, भिंती. आमच्या घरात शांत खोली एकच, तिच्यात देवघर आणि वर्षाच्या डाळींचे डबे. दोघांचंही चित्रण कॉलेजकडे जमा आहे. २०२२ मध्ये ओहायोतल्या एका फेडरल न्यायालयाने सांगितलं की सरकारी विद्यापीठाने विद्यार्थ्याची खोली अशी दाखवायला लावणं ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीविरुद्धची झडती आहे. तो निकाल मला कोर्स संपल्यावर कळला, नाहीतर देवांना तरी बाजूला ठेवलं असतं.

एवढं सगळं शिकत असताना खरा अभ्यास रात्री चालायचा, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या फाइलवर.

अण्णा सांगलीत दादाकडे असतात. मिरज शेजारीच, आणि मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने तिथे रुग्णालय उघडलं, तेव्हापासून कोल्हापूर-बेळगाव-विजापूरकडचे लोक आजार घेऊन मिरजेला येतात. तपासण्या झाल्या की दादा कागदांचे फोटो पाठवतो. त्यांची सकाळ ती माझी रात्र. पूर्वी मी एकेक शब्द गुगलमध्ये टाकायचे आणि तिसऱ्या मिनिटाला कॅन्सरपाशी पोचायचे.

कोर्स निम्मा झाला असताना सोनोग्राफीचा कागद आला. ‘माइल्ड प्रोस्टॅटोमेगॅली’. ‘कोलेलिथायसिस’. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. दादाचा आवाज पडला होता. पण मी शेवटाकडून वाचलं. ‘मेगॅली’ म्हणजे वाढलेलं आकारमान. प्रोस्टेट थोडी मोठी झालीय, त्या वयात होतेच. ‘कोले’ पित्त, ‘लिथ’ खडा. पित्ताशयात खडे आहेत. त्रास होत नसेल तर डॉक्टर बहुधा नुसतं लक्ष ठेवतील, आणि तेच झालं. बाकी सगळ्या अवयवांपुढे ‘अनरिमार्केबल’ लिहिलं होतं. दादाला वाटलं, वडिलांच्या मूत्रपिंडाला हा माणूस बिनमहत्त्वाचं म्हणतोय. अरे, म्हटलं, याच्याइतका चांगला शेरा त्या भाषेत दुसरा नाही.

तेव्हापासून घरात माझी उगाचच पत वाढली. वहिनीच्या माहेरचे कागदही यायला लागले. मी डॉक्टर नाही हे मी दर वेळी सांगते आणि कुणी ऐकत नाही. पण या वाचनातून माझ्या हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, जी पाठ्यपुस्तकात कुठे लिहिलेली नव्हती.

ही नावं बहुतेक वेळा कारण सांगत नाहीत. ती जागा सांगतात आणि तिथे काय दिसलं ते सांगतात. ‘आयटिस’ सांगतो की सूज आहे. जंतूने आली, औषधाने आली की शरीरानेच शरीरावर हल्ला केला, याबद्दल गप्प. काही नावं तर आपलीच तक्रार आपल्याला परत देतात. सांधे दुखतात म्हणून जावं, तर कागदावर ‘आर्थ्राल्जिया’: ‘आर्थ्र’ सांधा, ‘अल्जिया’ दुखणं. आपण मराठीत सांगितलं, डॉक्टरांनी ग्रीकमध्ये लिहिलं. तरी आपण बाहेर येऊन म्हणतो, निदान झालं बरं का.

जिथे नावात कारण घातलंय तिथे ते पुष्कळदा चुकलंय. मलेरिया म्हणजे वाईट हवा. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, त्यानंतर हवेचा काही संबंध उरला नाही, नाव उरलं. हिस्टेरियाच्या मुळाशी ‘हिस्टेरा’, गर्भाशय. बाईच्या मनाला काही झालं की दोष त्या अवयवाचा, ही समजूत नावातच शिवून टाकलेली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या आपल्या वर्गीकरणातून तो शब्द निदान म्हणून काढला. आपल्याकडच्या मालिकांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. आणि रक्तदाब? बहुसंख्य लोकांच्या रक्तदाबाला एक असं कारण सापडतच नाही, त्याला म्हणतात ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’. आवश्यक! कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला दाब वाढणं गरजेचंच आहे, असा एकेकाळी समज होता. तो गेला. विशेषण राहिलं.

अण्णांच्या पायाला मुंग्या यायच्या. रात्री तळवे जळायचे, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. साखर तपासली, बी-ट्वेल्व्ह तपासलं, थायरॉइड, पाठीचा एमआरआय. नसांमधून वीज सोडून त्यांचा वेग मोजायची तपासणी झाली. शेवटी कागदावर आलं: ‘इडिओपॅथिक पेरिफेरल न्यूरोपॅथी’. दादाने ते फोनवर अडखळत वाचलं आणि म्हणाला, सापडलं एकदाचं.

मी शेवटाकडून वाचत गेले. ‘पॅथी’ आजार. ‘न्यूरो’ नसांचा. ‘पेरिफेरल’ मेंदू-मज्जारज्जूपासून दूरच्या, हातापायांच्या. आणि ‘इडिओपॅथिक’: ‘इडिओस’ म्हणजे ज्याचा त्याचा, स्वतःचा. आजार आपला आपण आलाय. कुठून, माहीत नाही.

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. एवढ्या तपासण्यांचे पैसे घेऊन ‘माहीत नाही’ हेच सांगायचं होतं, तर ते सरळ सांगायला काय हरकत होती? नंतर राग उतरला, कारण त्या शब्दाने केलेलं काम दिसायला लागलं. मधुमेह नाही, जीवनसत्त्वाची कमतरता नाही, मणक्यात नस दबलेली नाही, इतकं सगळं बघून झालंय, हे त्या एका विशेषणात आहे. उद्या दुसऱ्या गावचा डॉक्टर ते वाचेल तर पुन्हा तिथून सुरुवात करणार नाही. डॉक्टरांच्या आपसांतल्या व्यवहाराला हा शब्द चोख आहे. माझी तक्रार एवढीच की तो रुग्णाच्या हातात देताना कुणी उलगडून देत नाही. अण्णांना ते नाव मिळालं तेव्हा त्यांना वाटलं की आता औषध मिळणार. औषध मिळालंही, पण ते जळजळ कमी करायचं.

म्हणून मला वाटतं, हा कोर्स नोकरीसाठी घेणाऱ्यांपेक्षा म्हाताऱ्या आईवडिलांची फाइल सांभाळणाऱ्यांना जास्त लागतो. पाचशे पदं पाठ करायची गरज नाही. वीस-पंचवीस प्रत्यय, तेवढीच अवयवांची नावं, आणि कागद वाचताना स्वतःला एकच प्रश्न: हा शब्द मला कारण सांगतोय की नुसतं वर्णन करतोय? याच्या पुढचं डॉक्टरांना विचारता येतं. आणि नेमकं विचारलं की डॉक्टरही नीट बोलतात, हा दादाचा अनुभव आहे. पूर्वी तो ‘काळजीचं काही नाही ना?’ एवढंच विचारायचा. त्या प्रश्नाला ‘नाही’ याखेरीज उत्तरच नसतं.

पुढच्या सत्रात कोडिंग सुरू झालं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ही आजारांची वर्गवारी वापरतात, त्यात निदानांचे सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत. बदकाने मारलं तर त्याला स्वतंत्र आकडा आहे, डब्ल्यू ६१.६२. सासरच्यांशी बिनसलं असेल तर झेड ६३.१. तो मी सगळ्या मैत्रिणींना पाठवला. एकीने विचारलं, विमा देतो का याचे पैसे? अण्णांच्या आजाराला बसणारा आकडा शोधला तर जी ६०.९ निघाला: आनुवंशिक आणि इडिओपॅथिक न्यूरोपॅथी, अनिर्दिष्ट. ज्याचं कारण ठाऊक नाही त्यालाही एक घर द्यावं लागतं, नाहीतर बिल पुढे सरकत नाही.

अण्णांनी चाळीस वर्षं सांगलीच्या हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून काढली. त्यांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

“म्हणजे उचंत खातं,” ते म्हणाले. “रक्कम आलीय, कुणाची ते कळत नाही, तर ती उचंतीला टाकायची. त्याशिवाय रोजमेळ जुळत नाही.”

“तसंच, अण्णा.”

“पण आम्हाला पाडव्याच्या आत उचंत खातं मोकळं करावं लागायचं. मालक सोडायचे नाहीत. हे लोक कधी करतात?”

सहा महिन्यांनी परत बोलावलंय, त्या वेळी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत दादाने हा पहिला लिहून ठेवला आहे.